तिसरा परीक्षक

दंतवैद्य तापाने पडला म्हणून मला बसवलं
तिसऱ्या खुर्चीत.
मी म्हणालो, बाई, मला सिनेमातलं काय कळतं?
चाळीस वर्षं फेरीबोट हाकली मी,
केमचीच्या धक्क्यापासून समोरच्या बेटापर्यंत आणि परत.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, डोळे आहेत ना? पुरे.

व्यायामशाळेच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक,
बास्केटबॉलच्या कड्याखाली पांढरी चादर,
शेगडीत ओलं लाकूड धुमसतंय,
दारात कुणाची तरी आई बटाट्याचे मिलकाओ तळतेय,
आणि बेटावरच्या अकरा शाळांतून आलेली पोरं
एकमेकांकडे न बघता एकमेकांना बघतायत.

पहिल्या सिनेमात किनाऱ्यावर भुतं, टोमॅटोचा सॉस.
मेलेला मुलगा हसला, मग सगळेच हसले.
मी सात दिले.
दुसऱ्यात एक कुत्रा बसथांब्यावर वाट बघतो.
कुत्र्याने छान काम केलं, मुलाने जरा जास्तच.
तिसऱ्यात सॅमनच्या पिंजऱ्यांचे तुटके दोर
वाळूत मोजत चाललेला नुसता एक आवाज,
फुटण्याच्या वयातला.
तीनशे बारावर तो घोगरा झाला.

मग यास्ना रेमोल्कॉय, वय चौदा.
पडद्यावर काहीच नाही.
पांढरं.
मग आणखी पांढरं.
मागे कुणी खोकलं, खुर्च्या करकरल्या,
कास्त्रोहून आलेला परीक्षक घड्याळाशी खेळू लागला.
मला मात्र कळलं, हे धुकं कुठलं.
रोज बघणाऱ्याला धुक्याचाही चेहरा ओळखू येतो.
डावीकडे तो राखाडी डाग, तो बोया,
म्हणजे पोरगी धक्क्याच्या टोकाला उभी,
म्हणजे सकाळची सव्वानऊची बोट,
म्हणजे...
कोपऱ्यात तारीख होती. सतरा जून.

पोटात गोळा आला.

धुक्यात भोंगा द्यायचा दर दोन मिनिटांनी, हा नियम.
दर मिनिटाला, ही माझी सवय.
पहिला आला. दुसरा आला.
मग आलाच नाही.
पाणी खांबाला चाटत राहिलं
आणि मी खुर्चीच्या कडा धरल्या,
जणू अजूनही उठून दोरी ओढता येईल.
चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून,
आणि त्या एका सकाळी
सुकाणूवर डुलकी.
मागे सव्वीस माणसं आणि एक ट्रक बटाटे.
कुणाला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.
जुलैत निवृत्तीचा अर्ज दिला,
कारण लिहिलं, गुडघे.

मग भोंगा आला, लांबलचक, घाबरलेला,
आणि पांढऱ्यातून माझी बोट निघाली
धक्क्याच्या फार, फार जवळ.
कॅमेरा एकदा हलला. तेवढाच.

बाकी दोघांनी चार दिले, साडेचार दिले.
'मध्य रिकामा आहे,' कास्त्रोवाल्याने शेरा मारला.
मी दहा लिहिले, खोडले, परत लिहिले.
जिंकला कुत्रा.

बाहेर यास्ना मिलकाओ खात होती, कोपरापर्यंत तेल.
'दॉन एलेउतेरिओ, ती बोट तुमचीच ना?
मी मोजलं, दोन भोंग्यांमध्ये तीन मिनिटं अठरा सेकंद.
बाई म्हणाल्या, कंटाळवाणं आहे, काप.
हात धजेना.
म्हटलं, तेवढ्या वेळात आत कुणीतरी काहीतरी करत असणार.
काय करत होतात?'

मी टोपी काढली. पुन्हा घातली.
विचारलं, फोन आहे का जवळ?
'आहे, पण बॅटरी चार टक्के.'

पुरे, म्हटलं,
आणि दाराच्या दिव्याखाली जाऊन
तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो.